निवृत्त फौजी सभासद : घर, हिशेब आणि थोडी मौज



आमच्या शेतकी खात्याचे काम तसे उसाशी. लागणीच्या नोंदी, बेण्याचे वाटप, खताची मात्रा आणि तोडणीचा प्रोग्राम, एवढ्यातच आमचे वर्ष निघून जाते. परंतु नोंदी घेण्यासाठी गावोगाव हिंडताना बांधावर ज्या गोष्टी निघतात त्या उसापुरत्या राहात नाहीत. गेल्या काही हंगामांत एक प्रश्न वारंवार आमच्या कानावर येत आहे, आणि त्याचा परिणाम आम्हाला उसाच्या फडातही दिसत आहे. सबब या अंकात खोडकिडीऐवजी त्याविषयीच लिहावे असे ठरविले.

प्रश्न आहे चाळिशीतच पेन्शनवर घरी आलेल्या सभासदाचा.

सातारा, सांगली, कोल्हापूर हा मुलूख फौजेचा. आपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागले आणि शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावामागे 'सैनिक', ते उगाच नव्हे. आपल्या कार्यक्षेत्रातही अशी वाडी शोधून सापडायची नाही, जिथे दोन-चार घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो नाही. अठरा-एकोणीस वर्षांचे पोर भरती होते, शिपाई म्हणून साधारण १७ ते १९ वर्षे नोकरी करते, नाईक-हवालदार झाले तर आणखी काही वर्षे, आणि छत्तीस ते पंचेचाळीस या वयात ट्रंक घेऊन गावच्या स्टँडवर उतरते. जिल्हा परिषदेचे गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात तेव्हा बहुधा पोरेबाळे मार्गाला लागलेली असतात. आमच्या मेजरचा थोरला मात्र अजून आठवीत असतो. (गावात प्रत्येक फौजी मेजरच. आम्हीही तसेच म्हणणार.) म्हणजे नोकरी संपली, पण निम्मा संसार पुढेच आहे. पस्तीस-चाळीस वर्षे काढायची आहेत, आणि ती कशी काढायची हे कोणी शिकविलेले नसते.

घरी येताना मेजरच्या खात्यात तीन-चार वाटांनी एकदम रक्कम येते. ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्सचे पैसे आणि पेन्शनचा विकलेला भाग, म्हणजे ज्याला कम्युटेशन म्हणतात तो. एवढी रक्कम आमच्यासारख्या पगारी माणसाने जन्मात एका आकड्यात पाहिलेली नसते. ती आली की गवंडी येतो, ट्रॅक्टरवाला येतो, प्लॉटवाला येतो, आणि 'पैसे दामदुप्पट करून देतो' म्हणणारा तर चारचाकीतून येतो. गूळ ठेवला की मुंगळ्यांना पत्ता सांगावा लागत नाही.

यातली कम्युटेशनची गोष्ट अनेकांना नीट ठाऊक नसते, म्हणून थोडे थांबतो. फौजीला मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त निम्मा भाग विकता येतो. त्याची एकरकमी किंमत आज मिळते आणि दरमहाच्या पेन्शनमधून तेवढा भाग १५ वर्षे कापला जातो. महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवर मिळतो आणि १५ वर्षांनंतर कापलेला भागही पूर्ववत सुरू होतो. व्यवहार वाईट नाही. पण वर्षे मोजून पाहा. चाळिसाव्या वर्षी विकलेला भाग पंचावन्नाव्या वर्षी परत येणार. थोरल्याचे कॉलेज, धाकटीचे लग्न आणि म्हाताऱ्यांचे दवाखाने हे सगळे नेमके याच १५ वर्षांत. याचा अर्थ ती एकरकमी रक्कम म्हणजे आकाशातून पडलेली लॉटरी नव्हे, ती या १५ वर्षांचाच आगाऊ उचललेला पगार आहे. आणि तो बहुतेक घरांत पहिल्या वर्षीच सिमेंटमध्ये जातो.

ठोकळमानाने सांगायचे तर एक हजार चौरस फुटांच्या स्लॅबच्या घराला चारशे पोती सिमेंट आणि चार टन सळई लागते. बांधकामाचा दर हिशेबापुरता दोन हजार रुपये चौरस फूट धरला तर ते घर वीस लाखांचे झाले. एवढ्यावर माणूस थांबला तर आम्ही हा लेख लिहिलाच नसता. पण शेजारच्या भावकीने दोन मजले चढविलेले असतात. मग आपलेही दोन मजले, म्हणजे अठराशे फूट, म्हणजे छत्तीस लाख. शिवाय पुढे स्टीलचे कठडे आणि जिन्याला ग्रॅनाइट.

नदीकाठच्या एका वस्तीवर असेच एक घर आहे. जूनमध्ये खोडव्याची पाहणी करायला आम्ही गेलो होतो. घर पाहून मान वर करावी लागली. वरच्या मजल्यावर कांदा आणि ठिबकच्या जुन्या नळ्या ठेवलेल्या, आणि स्वयंपाक अजून मागच्या पत्र्याच्या पडवीत. कारण ओट्याची फरशी डागळेल! तेथून फडात गेलो तर खोडवा पिवळा. विचारले, "मेजर, खताचा हप्ता दिला नाही वाटतं?" मेजर म्हणाले, "साहेब, सोसायटीत उधारीला पोती मिळतील म्हनत्यात, आठवडाभरात टाकतो." आठवड्याचे तीन आठवडे झाले. ज्या घराच्या नुसत्या कठड्याला लाखावर रुपये लागले त्या घराला खताच्या पोत्यांसाठी उधारीची वाट पाहावी लागली, आणि त्या खोडव्याचे टनेज जे घटायचे ते घटले. हे आम्ही कुणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. तो माणूस निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे. त्याने फक्त रक्कम आणि उत्पन्न या दोन गोष्टी एकच समजल्या.

आता दुसरे घर सांगतो. हेही आपल्याच सभासदाचे, दोन एकर उसाचे. मेजर एकोणीस वर्षे बाहेर होते आणि या दोन एकरांचा कारभार त्यांच्या कारभारणीने केला. आमच्या खात्याला हे चांगले माहीत आहे, कारण नोंदीला त्याच यायच्या, तोडीच्या वेळी टोळीच्या मुकादमाशी त्याच भांडायच्या, आणि चिटबॉयला बांध चुकला तर त्याच दाखवून द्यायच्या. मेजर घरी आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढले. जुने घर पाडायचे, नवे बोअर मारायचे, दोन्ही एकर ठिबक करायचे, आणि चार म्हशी घ्यायच्या. वहिनींनी ऐकून घेतले आणि ट्रंकेतून वह्या काढून पुढे ठेवल्या. एकोणीस वर्षांच्या एकोणीस वह्या. म्हणाल्या, "एवढं वाचा, मग पहार उचला."

मेजरनी वाचल्या. हेही विशेष म्हटले पाहिजे, कारण वीस वर्षे हुकूम झेललेल्या माणसाला घरी आल्यावर एकदा तरी हुकूम सोडावासा वाटतो. वह्यांत काय होते? कोणत्या साली किती टन गेला, बिल कधी जमा झाले, सोसायटीची कपात किती, कौले कधी फिरविली, कोणत्या पावसात माजघर गळले, कोणाच्या लग्नात किती आहेर झाला. त्या वह्यांवरून दोघांनी मिळून जी पद्धत बसविली ती आम्हाला इतकी पसंत पडली की त्यांच्या परवानगीने येथे देत आहोत. नावे मात्र छापू नका म्हणाले.

पहिली गोष्ट, घरखर्च पेन्शनमधून. ज्या महिन्याची पेन्शन त्याच महिन्याचे मीठ-मिरची. दुसरी गोष्ट, एकरकमी रकमेला पहिली दोन वर्षे हात लावायचा नाही. ती त्यांनी बँकेत आणि पोस्टात ठेवली. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत २०२३ पासून एका नावावर ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. दर सरकार तिमाहीला जाहीर करते, पण खाते उघडताना जो असेल तो पाच वर्षे कायम राहतो. ७.४ टक्के दराने ९ लाखांचे महिन्याला ५,५५० रुपये होतात. ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत दर अधिक असतो, परंतु निवृत्त सैनिकाला तीत वयाची ५० वर्षे पूर्ण झाल्यावरच जाता येते, हे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट आमच्या खात्याच्या जिव्हाळ्याची. घराचे काम उसाच्या बिलातूनच करायचे, आणि एका हंगामात एकच काम.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हिशेबापुरते टनाला २,७०० रुपये हातात पडले असे धरू. ज्या वर्षी एक एकर लावण आणि एक एकर खोडवा तुटतो त्या वर्षी ४५ आणि ३३ मिळून ७८ टन, म्हणजे २ लाख १० हजार ६०० रुपये. खळ्यावर रास पडली की आपण वाटे घालतो, तसे वहिनींनी त्याचे तीन ढीग घातले. सत्तर हजारांचा पहिला ढीग पुन्हा रानात. त्यातच सोसायटीचे पीककर्ज भागले आणि पुढच्या खताची सोय झाली. दुसरा सत्तर हजारांचा ढीग घराच्या कामाला. तिसऱ्या ढिगातला निम्मा अडीअडचणीला, म्हणजे दवाखाना, लग्नकार्य, मोटार जळणे वगैरे. आणि उरलेला निम्मा, पस्तीस हजार, मौजेला. मौजेचा ढीग वहिनींच्या ताब्यात.

सत्तर हजारांत घर होते का, असे कोणी विचारील. घर होत नाही, पण घराचे काम होते. पहिल्या वर्षी फक्त गळते छप्पर आणि न्हाणी-संडास. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघर, ओटा उभा, धूर बाहेर. तिसऱ्या वर्षी माजघराचा गिलावा आणि फरशी. चौथ्या वर्षी घराला हात न लावता एक एकर ठिबक. पाचव्या वर्षी ठेवीतला काही भाग काढून पोरांसाठी एक खोली स्लॅबची, त्यात सत्तर हजारांनी भागणार नव्हते हे उघड होते. जुना सोपा तसाच ठेवला. रंग, कुंपण, पाइपलाइन, वायरीची पट्टी ही कामे मेजरनी स्वतः केली. फौजी माणसाला हात असतात. पण स्लॅबच्या सळया बांधायला मात्र जाणता कारागीर लावला, आणि ते योग्यच.

याला आणखी एक कारण आहे, ते पैशाचे नव्हे. मेजर पहाटे साडेचारला उठतो. पाच वाजता दाढी करून तयार. आणि पुढे काय? बांधावर दोन फेऱ्या, चावडीवर चहा, नऊ वाजले. पहिले सहा महिने तो असा सैरभैर असतो, आणि आमचे मत असे की पुष्कळशा भिंती याच सहा महिन्यांत पडतात. हाताला काम हवे म्हणून माणूस चांगले घर पाडायला काढतो. पाच वर्षे पुरतील अशी कामे पाच महिन्यांत उरकली तर पैसाही संपतो आणि कामही संपते. मग चावडीचा चहा दुपारपर्यंत लांबतो. (कॅन्टीनच्या कार्डावर मिळणाऱ्या दुसऱ्या एका मालाविषयी आम्ही या पानावर लिहीत नाही.) अशा माणसाला आम्ही सांगतो, पहिल्या वर्षी खोडव्याला लागा. पाचट जाळू नका, सरीत बसवा. बुडखे जमिनीलगत छाटा, नांग्या भरा, पहारीने खत द्या. यातल्या प्रत्येक कामाला पैसा थोडा आणि माणूस फार लागतो, आणि माणूस तर तुम्ही स्वतःच आहात.

वेळेचा मेळही आपोआप बसतो. ऊस नोव्हेंबर ते मार्चमध्ये तुटतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे असते, न दिल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. प्रत्यक्षात बिले कधी मागेपुढे होतात हे सभासदांना आम्ही सांगायला नको. म्हणूनच बिल खात्यावर जमा झाल्याशिवाय गवंड्याला सुपारी द्यायची नाही, असा त्या घरचा नियम आहे. येणाऱ्या बिलाच्या भरवशावर दुकानातून सिमेंट उचलले की दर दुकानदार ठरवतो. बिल आले की फेब्रुवारी ते मे बांधकामाला मोकळे, आणि पावसाच्या आत वर कौल किंवा पत्रा चढलेला.

आता मौजेचे बघू. येथे मेजर आणि वहिनी यांचे चक्क भांडण होते, आणि ते आम्हाला बऱ्याच घरांत आढळले. मेजर म्हणतात, आता गाव सोडून कुठे जायचे नाही. जम्मूपासून अरुणाचलपर्यंत हिंडून झाले, आता देवळाच्या पारावर बसायचे, तालमीत पोरांना दोन डाव दाखवायचे. वहिनी म्हणतात, "ह्यांनी समदा हिंदुस्थान सरकारी खर्चानं बघितला. मला जेजुरीच्या पुढं काय ठावं?" दोघांचेही खरे. एकाची सुट्टी म्हणजे घरी असणे, दुसरीची सुट्टी म्हणजे घरातून निघणे. एकोणीस वर्षे तिने गोठा, सासू-सासरे, पोरे आणि ऊस सांभाळला. पेन्शन त्यांच्या नावावर आली खरी, पण निवृत्ती तिला कुणी दिली? शेवटी ठरले ते असे. वर्षातून एक प्रवास वहिनींच्या मनाचा. पहिल्या वर्षी पंढरपूर आणि अक्कलकोट, दुसऱ्या वर्षी काशी ठरली होती पण बोअरची मोटार आणि केबल दोन्ही गेली, अडचणीचा ढीग पुरला नाही, मौजेतून घ्यावे लागले. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी काशी झाली. मेजरचा खर्च तालमीपुरता, तो तसा किरकोळ.

सगळ्यांची मौज एवढी स्वस्त नसते. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीचा राज्याचा कायदा वैध ठरविला, तेव्हापासून शर्यतीच्या खोंडांचे भाव आमच्या तरी आवाक्याबाहेर गेले आहेत. नाद आहे, त्यात आनंद आहे, आम्हीही शर्यत बघायला जातो. पण फंडाच्या पैशातून खोंड घेणाऱ्याने आधी घरात विचारावे. मौजेच्या ढिगात बसला तर जरूर घ्यावा.

प्रवास कधी करावा, हे ऊसच सांगतो. उसाला आळशाचे पीक म्हणून नावे ठेवतात, पण हाच त्याचा गुण. सुरू उसाची मोठी बांधणी मे-जूनमध्ये उरकली, पाऊस लागला, की काही आठवडे रान तुम्हाला अडवत नाही. आषाढीची वारी नेमकी याच दिवसांत येते. मात्र आडसाली लागण धरणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये हलता येत नाही, त्यांनी दिवाळीच्या आधीचे दिवस पाहावेत. तोड लागायच्या सुमारास मात्र घर सोडू नये. टोळीची खुशाली आणि ट्रॅक्टरची एंट्री हे विषय फोनवरून मिटत नाहीत.

मौज पुढे ढकलणाऱ्यांचेही एक उदाहरण सांगितले पाहिजे, नाहीतर आमचा लेख नुसता काटकसरीचा होईल. आमच्या माहितीतल्या एका जोडप्याने ठरविले होते, घर पुरे झाले की देवाला जाऊ. घर नऊ वर्षे चालले. दर वर्षी काहीतरी राहिलेच, कधी कंपाउंड, कधी वरची टाकी, कधी गेट. घर पुरे झाले तेव्हा काकींचे गुडघे गेलेले. जेजुरीच्या पायऱ्यांच्या तळाशी त्या बसून राहिल्या आणि काका एकटे भंडारा उधळून आले. काका आम्हाला म्हणाले, "गेट दोन वर्षांनी लावलं असतं तर काय चोर येणार हुते?" यावर आम्हाला काही उत्तर सुचले नाही.

लवकर घरी येणे ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या तीन जिल्ह्यांतले कितीतरी गिरणी कामगार गावी परतले ते कायमचेच. त्यांची निवृत्ती कोणी जाहीर केली नव्हती, हातात रक्कम नव्हती. त्यांतल्या अनेकांनी एकेक गुंठा करून ऊस उभा केला. आता २०२२ पासून अग्निपथ योजना आली आहे. तीत चार वर्षांनंतर जे कायम होत नाहीत ते सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी येणार, वय बावीस-पंचवीस, आणि पेन्शन नाही. वर जो पेन्शनचा पहिला आधार सांगितला तोच येथे नाही. त्यामुळे अशा पोरांच्या आईबापांनी त्या रकमेत घर धरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातून धंदा, शिक्षण किंवा फार तर पाण्याची सोय व्हावी.

एक लहान पण महत्त्वाची गोष्ट राहिली. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही वैद्यकीय योजना २००३ पासून आहे. पेन्शनर आणि त्याची पत्नी दोघांची कार्डे होतात. मेजरचे कार्ड खिशात असते, वहिनींचे कार्ड काढायचे राहून गेलेले असते, असे अनेक घरांत दिसते. ते काढून घ्यावे. अडचणीचा ढीग त्यामुळे बराच टिकतो.

ज्यांना येत्या वर्षी घराचे एखादे काम किंवा प्रवास ठरवायचा आहे त्यांनी आपल्या गट कार्यालयात येऊन लागणीच्या नोंदीची तारीख पडताळून घ्यावी. नोंदीच्या तारखेवरून आणि जातीवरून तोड साधारण कोणत्या महिन्यात लागेल हे आम्ही सांगू शकतो. ज्यांचे खोडवे यंदा ठेवायचे आहेत त्यांनी तसे लगेच कळवावे. येताना दोघांनी मिळून आलात तर बरे, वही असेल तर तीही आणावी.